‘आरमार बुडवलं’ : एका युद्धकथेची तपासणी

(नसरापूर इथल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आज आपल्याला एकच वाक्य तपासायचं आहे. ‘नानासाहेब पेशव्यांनी मराठ्यांचं आरमार बुडवलं.’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. राजगड-तोरण्याला जाणारी मुलं चेलाडी फाट्यावर चहा पिताना ते म्हणतात, शिवजयंतीच्या भाषणात ते येतं, आणि मोबाइलवर तर दर आठवड्याला कुणीतरी ते नव्यानं पाठवतं. म्हणणाऱ्याच्या आवाजात राग असतो आणि ऐकणारा मान हलवतो. पुढे कुणी विचारत नाही.

हे वाक्य खोटं आहे असं आम्ही म्हणायला आलेलो नाही. पण शाळेत आपण वाक्य तपासायला शिकलो तेव्हा गुरुजींनी काय सांगितलं होतं? कर्ता कोण, कर्म कोणतं, क्रियापद कोणतं. तेवढंच आज करू. फक्त त्याआधी थोडं फिरून येऊ. कारण समुद्रात गेलेल्या वस्तूंच्या युद्धकथा ही एक वेगळीच जात आहे, आणि ती ओळखून घेतली की आपल्या घरातली गोष्ट तपासणं सोपं जाईल.

जमिनीवरच्या लढाईचं काहीतरी मागे राहतं. बुरूज राहतो, तोफ राहते, समाधी राहते. समुद्र काही ठेवत नाही, निदान सहज दिसेल असं ठेवत नाही. त्यामुळे सांगणाऱ्याला मोकळं रान मिळतं.

पॅसिफिक महासागरात वानुआतू नावाचा देश आहे. तिथल्या एस्पिरिटू सान्तो बेटावर दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचा मोठा तळ होता. युद्ध संपल्यावर अमेरिकनांनी तिथले ट्रक, बुलडोझर, जीपगाड्या किनाऱ्यावरून सरळ समुद्रात लोटून दिल्या. कारण असं सांगतात, की तिथल्या इंग्रज-फ्रेंच सरकारला हे सामान कवडीमोलानं देऊ केलं होतं; सरकारला वाटलं, नाहीतरी हे टाकूनच जाणार, मग पैसे कशाला मोजायचे? तेव्हा त्यांनी ते दिलं नाही, बुडवलं. ऐकताना ही थाप वाटते. चांगल्या चालू गाड्या कोण समुद्रात टाकेल? पण त्या जागेला आजही ‘मिलियन डॉलर पॉइंट’ म्हणतात, आणि पाणबुडे तिथे जाऊन त्या गंजलेल्या गाड्या बघून येतात. लोटून देण्यामागचं कारण थोडं रंगवलेलं असेलही, गाड्या मात्र खऱ्या आहेत.

आता याच्या उलट. डेव्हिड कंडल नावाच्या एका ब्रिटिश शेतकऱ्यानं दीड दशकाहून जास्त काळ एका गोष्टीचा पाठपुरावा केला. ब्रह्मदेशात, रंगूनच्या विमानतळाखाली, १९४५ च्या सुमारास ब्रिटिशांनी नवी कोरी स्पिटफायर विमानं खोक्यांत बंद करून पुरून ठेवली, अशी ती गोष्ट. साक्षीदार होते, म्हातारे सैनिक होते, ‘आम्ही खोकी पाहिली’ म्हणणारे होते. विमानांचा आकडा वाढत वाढत शंभराच्या पुढे गेला. २०१३ साली प्रत्यक्ष खणलं. एकही विमान निघालं नाही. कागदपत्रं पाहिली, तर अशी विमानं तिथे खोक्यांतून आल्याची नोंदच सापडेना.

बघा, जी गोष्ट वेडगळ वाटत होती ती खरी निघाली, आणि जिला साक्षीदारांची रांग होती ती पोकळ निघाली. पटतं की नाही, यावर खरंखोटं ठरत नाही.

आपल्या मुंबईचंच घ्या. १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला. जहाजावर कापसाच्या गाठी होत्या, शेकडो टन स्फोटकं होती, आणि सोन्याच्या विटा होत्या. एक वीट दूरच्या एका पारशी गृहस्थाच्या घरावर जाऊन आदळली. ही गोष्ट आज कुणी सांगितली तर आपण हसू, पण ती खरी आहे. गोदीतला गाळ काढताना पुढे कित्येक वर्षं विटा सापडत राहिल्या. आणि त्याच दिवशी मुंबईभर पसरलेली गोष्ट कोणती? जपान्यांनी हल्ला केला. युद्धाचे दिवस, जपान ब्रह्मदेशापर्यंत आलेला; कुणालाही पटेल अशी ही गोष्ट होती. ती खोटी होती. कापसाला आग लागली, ती स्फोटकांपर्यंत पोहोचली, एवढंच झालं होतं.

आमच्या तत्त्वज्ञानात याचा विचार फार जुना आहे. न्यायदर्शनानं शब्द, म्हणजे दुसऱ्याचं सांगणं, हे प्रमाण मानलं. पण कुणाचंही सांगणं प्रमाण धरलं नाही. ते आप्ताचं असलं पाहिजे. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. ज्याला ती गोष्ट स्वतःला ठाऊक आहे आणि जशी ठाऊक आहे तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. दोन्ही अटी हव्यात. ठाऊक असून वेगळं सांगणारा चालत नाही, आणि प्रामाणिक पण ठाऊक नसलेलाही चालत नाही. रंगूनचे म्हातारे सैनिक बहुतेक प्रामाणिकच होते. पन्नास-साठ वर्षांनी त्यांना काय ठाऊक होतं, हा प्रश्न होता.

दुसरं साधन म्हणजे वस्तू. आपल्या बनेश्वराच्या देवळात घंटा आहे. तिच्यावर क्रूस आहे आणि १६८३ हे साल आहे. मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या चर्चच्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत आल्या; भीमाशंकरला एक आहे, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात एक आहे. आता ही घंटा स्वतः काय सांगते? ती ख्रिस्ती देवळासाठी ओतली होती आणि १६८३ मध्ये ओतली होती, इतकंच. इथे कुणी आणली, हत्तीवरून आणली की बैलगाडीतून, हे तिच्यावर लिहिलेलं नाही. ते आपण १७३९ शी जोडतो. ती जोडणी बळकट आहे, पण ते अनुमान आहे. घंटा पुढ्यात आहे म्हणून गोष्टीला फार पाय फुटत नाहीत.

हे बनेश्वराचं देऊळ नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं. वसईची घंटा तिथे टांगली गेली, आणि त्याच नानासाहेबांवर आरमार बुडवल्याचा आरोप आहे. तेव्हा आता मूळ वाक्याकडे येऊ.

आधी क्रियापद. ‘बुडवलं.’

मराठीत हे फार खट्याळ क्रियापद आहे. आपण मूर्ती पाण्यात बुडवतो, तसं कर्जही बुडवतो, शाळाही बुडवतो, घराण्याचं नावही बुडवतो. पाण्याचा संबंध एकाच ठिकाणी. बाकी सगळीकडे दोष आहे. म्हणजे ‘बुडवलं’ म्हणताच घटना आणि निकाल एका दमात सांगून होतात. फिर्याद, साक्ष, शिक्षा सगळं त्या एका शब्दात.

प्रत्यक्ष घटना काय? फेब्रुवारी १७५६. ॲडमिरल वॉटसनच्या हाताखाली इंग्लंडच्या राजाची मोठी लढाऊ जहाजं, सोबत मुंबईकर कंपनीचा ताफा, आणि जमिनीवर उतरवायच्या फौजेवर रॉबर्ट क्लाइव्ह, असे सगळे विजयदुर्गावर आले. तुळाजी आंग्र्यांचं आरमार किल्ल्याच्या आश्रयाला, एकमेकांना लगटून उभं होतं. १२ तारखेला तोफांचा मारा सुरू झाला. दुपारी चारच्या पुढे इंग्रजांचा एक गोळा ‘रिस्टोरेशन’ नावाच्या जहाजावर पडला. हे जहाज मुळात कंपनीचं, तुळाजीनं काही वर्षांपूर्वी पकडून आणलेलं. ते पेटलं, त्यावरून शेजारचं, त्यावरून पुढचं, असं करत सगळं आरमार पेटलं. दुसऱ्या दिवशी किल्ला इंग्रजांच्या हाती गेला.

तेव्हा आरमार जळालं. जाळणारी तोफ इंग्रजांची होती. जळण्याचा वेग जहाजं लगटून उभी असल्यानं वाढला. ही शब्दांची किटकिट नाही. ‘जळालं’ म्हटलं की लगेच विचारावंसं वाटतं, कुणी पेटवलं, जहाजं मोकळ्या समुद्रात का नव्हती, सेनापती कुठे होता? ‘बुडवलं’ म्हटलं की यातला एकही प्रश्न सुचत नाही.

सेनापती कुठे होता, तर तुळाजी त्या वेळी किल्ल्यावर नव्हता. बोलणी करायला तो पेशव्यांच्या छावणीत गेला होता आणि तिथेच अडकला. पुढे मरेपर्यंत कैदेत राहिला. या सगळ्यात पेशव्यांचा हात आहे की नाही? आहेच. त्याकडे कर्ता तपासताना येऊ.

आता कर्म. ‘मराठ्यांचं आरमार.’

या दोन शब्दांवरून वाटतं, की मराठ्यांचं एक आरमार होतं आणि ते गेलं. १७५६ मध्ये ते एक नव्हतं. १७२९ मध्ये कान्होजी आंग्रे वारले. मुलांत भांडणं झाली. १७३५ मध्ये कुलाबा मानाजीकडे आणि विजयदुर्ग संभाजीकडे अशी वाटणी झाली. संभाजीनंतर विजयदुर्ग तुळाजीकडे आला. शिवाय पेशव्यांचं स्वतःचं आरमार होतं. म्हणजे निदान तीन ताफे, तीन मालक. १७५६ मध्ये जळाला तो तुळाजीचा ताफा. तो त्यांतला सर्वांत जबर होता, यात शंका नाही. तुळाजीनं १७४५ मध्ये सिद्दीकडून अंजनवेल घेतलं होतं, आणि इंग्रज, डच कुणालाही दस्तकाशिवाय त्याच्या पाण्यातून सुखानं जाऊ दिलं नव्हतं. नुकसान मोठंच होतं. पण एक हात तुटणं आणि माणूस मरणं यांत फरक करावा लागतो.

आणि एक तारीख अशी आहे, जी हे वाक्य म्हणणाऱ्यांना कधी आठवत नाही. ८ एप्रिल १७८३. विजयदुर्गाच्याच आरमारानं, आनंदराव धुळपांच्या हाताखाली, कोकणच्या समुद्रात कंपनीचं ‘रेंजर’ जहाज लढून पकडलं. कंपनीचे बडे लष्करी अधिकारी त्यावर होते. १७५६ मध्ये ‘बुडालेलं’ आरमार सत्तावीस वर्षांनी इंग्रजांचं जहाज ओढून आणतं, हे कसं? कारण ऑक्टोबर १७५६ मध्ये विजयदुर्ग पेशव्यांकडे आला होता, आणि तिथे पुन्हा आरमार उभं राहिलं होतं. इंग्रजांशी खोल समुद्रात बरोबरी करण्याची ताकद त्याला आली नाही, हे खरंच. पण आपल्या वाक्यानं धुळपांना आणि त्यांच्या खलाशांना चक्क नाहीसं केलं. अभिमानानं सांगायची एक लढाई आपणच पुसून टाकली, कारण ती ठेवली तर रागाचं वाक्य डळमळतं.

आता कर्ता. ‘नानासाहेब पेशव्यांनी.’

मार्च १७५५ मध्ये पेशव्यांच्या वतीनं रामाजी महादेव आणि मुंबईकर इंग्रज यांच्यात तह झाला. समुद्रावरची मोहीम इंग्रजांच्या हुकमतीत चालणार, बाणकोट इंग्रजांना मिळणार, असं ठरलं. एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सनं सुवर्णदुर्ग घेतला. पुढच्या वर्षी विजयदुर्ग झाला. म्हणजे इंग्रजांना बोलावणं नानासाहेबांच्या बाजूनं गेलं, यात वाद नाही.

का गेलं? तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हता. शाहू महाराज १७४९ मध्ये गेल्यावर तर त्याला कुणाचीच बूज राहिली नाही. शेजारच्या मराठी सरदारांच्या मुलखावर तो चालून जात होता. त्याला आवरणं हा पेशव्यांच्या दृष्टीनं राज्यातला बखेडा मिटवण्याचा भाग होता. त्यासाठी समुद्रावर ताकद हवी, ती कमी, म्हणून इंग्रज.

चूक इथेच झाली, असं आम्हालाही वाटतं. पण चूक कोणती, ते नीट म्हटलं पाहिजे. घरचा माणूस वठणीवर आणायला बाहेरचा बोलावताना, काम झाल्यावर बाहेरचा कसा जाईल याची तजवीज झाली नाही. इंग्रजांनी लुटीच्या वाटण्या मुंबईतच, आपसांत, आधी ठरवून ठेवल्या होत्या. किल्ल्यात सुमारे दहा लाख रुपयांचा ऐवज मिळाला, तो त्यांनी वाटून घेतला. किल्ला पेशव्यांना द्यायला आठ महिने लावले. आणि बाणकोट घेऊन कोकणच्या मुख्य भूमीवर पाय रोवायला जागा केली. विजयदुर्गाचे हेच क्लाइव्ह आणि वॉटसन वर्षभरात बंगालमध्ये गेले. जून १७५७ मध्ये प्लासी झाली.

हा हिशेब मांडला तर नानासाहेबांवरचा ठपका हलका होत नाही. उलट नेमका होतो. ‘आरमार बुडवलं’ हे ऐकून आपण चिडतो आणि मोकळे होतो. ‘घरचं भांडण मिटवायला परक्याचं बळ उसनं घेतलं आणि परतफेडीची किंमत आधी ठरवली नाही’ हे ऐकलं तर आपल्याला आपली ग्रामपंचायत आठवते, सोसायटी आठवते, भावकीतला जमिनीचा दावा आठवतो. पहिलं वाक्य दुसऱ्यांविषयी आहे. दुसरं आपल्याविषयी आहे, म्हणून ते कुणी पुढे पाठवत नाही.

आता इंग्रजांची गोष्टही तपासू, नाहीतर आम्ही एकाच बाजूला चष्मा लावला असं होईल. त्यांच्याकडे प्रत्यक्ष पाहणारे लोक होते. वॉटसनच्या ताफ्यातला शल्यवैद्य एडवर्ड आइव्ज यानं १७७३ मध्ये आपल्या प्रवासाचं पुस्तक छापलं, त्यात ही मोहीम आहे. त्याला ठाऊक होतं. पहिली अट पुरी. दुसरी? ज्या ताफ्यानं लूट वाटून घेतली त्याच ताफ्यातला हा माणूस. लूट योग्य ठरवायची तर समोरचा चोर असावा लागतो. म्हणून इंग्रजी कथेत आंग्रे कायम ‘चाचे’ असतात. कान्होजी हे छत्रपतींनी नेमलेले सरखेल होते. जहाजांना परवाने देऊन पैसे घेणं पोर्तुगीजही करत, आणि त्यांचं ते राज्य मानलं जाई. गोळा कुठे पडला, आग कधी लागली, याबाबत आइव्जसारख्या माणसावर विश्वास ठेवायला हरकत नाही. ‘चाच्यांचा अड्डा मोडला’ याबाबत ठेवायचं कारण नाही.

आणि गंमत पाहा. इंग्रजांची कथा म्हणते, आम्ही चाचे संपवले. आपली कथा म्हणते, पेशव्यांनी आरमार संपवलं. दोन्ही कथांचं एका गोष्टीवर एकमत आहे, की १७५६ ला सगळं संपलं. त्यांना ते विजय म्हणून हवं आहे, आपल्याला गुन्हा म्हणून. दोघांनाही धुळप नको आहेत. आणि दोन्हीकडे त्या संध्याकाळी जळत्या गुराबांवर आणि गलबतांवर असलेला तांडेल, खलाशी, गोलंदाज कुठेच नाही. कोळी, भंडारी, गाबीत, मुसलमान अशी कोकणातली माणसं त्या काळी आरमारांवर चाकरीला असत. त्यांच्या जळण्याबद्दल कुणी भाषण करत नाही.

कुणी म्हणेल, एवढं काय त्यात? सिंहगडाच्या घोरपडीची गोष्ट आपण सांगतोच की. सभासदाच्या बखरीत घोरपड नाही, ती पोवाड्यातून आली. तरी तानाजी मालुसऱ्यांचं शौर्य कमी होत नाही. बरोबर आहे. घोरपड काढा, कडा राहतो, चढणारी माणसं राहतात, ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र राहते. ती गोष्ट कुणाचं नुकसान करत नाही. पण ‘आरमार बुडवलं’ ही गोष्ट नानासाहेबांपाशी थांबत नाही, हे आपण सगळे जाणतो. दुसऱ्या वाक्यात ‘नानासाहेबांनी’चं ‘त्यांनी’ होतं. तिसऱ्या वाक्यात त्या ‘त्यांनी’ला आजच्या गावातलं आडनाव चिकटतं. अडीचशे वर्षांपूर्वीचा तह करणारा माणूस बाजूला राहतो, आणि शेजारच्या आळीतला, ज्यानं विजयदुर्ग पाहिलाही नसेल असा माणूस आरोपी होतो. याला उत्तर म्हणून दुसरी बाजू उठते आणि तुळाजीला दरोडेखोर म्हणते, म्हणजे इंग्रजांचाच शब्द उचलते. मग आंग्र्यांचं नाव सांगणारे दुखावतात. गोष्ट खोटी आहे म्हणून एवढं होत नाही. ती अर्धी तपासलेली आहे म्हणून होतं.

एक चिठ्ठी आली आहे. ‘सर, मग नानासाहेब दोषी की निर्दोष, एका शब्दात सांगा.’

एका शब्दात सांगता आलं असतं तर इतका वेळ तुम्हाला बसवून ठेवलं नसतं. तरी सांगतो. तुळाजीला आवरायचं ठरवणं यात दोष आहे असं आम्ही म्हणणार नाही; राज्य चालवणाऱ्याला ते करावं लागतं. समुद्राची हुकमत इंग्रजांच्या हाती देणं ही गंभीर चूक होती. आरमार जाळायचा त्यांचा बेत होता, असं दाखवणारा पुरावा आमच्यासमोर नाही, आणि त्यांना ते जळून काही मिळालंही नाही. धडधाकट आरमार हाती आलं असतं तर त्यांचाच फायदा होता. बेत आणि परिणाम यांत फरक करा, एवढीच विनंती.

दुसरी चिठ्ठी, ‘पोरांना गडावर काय सांगायचं?’ हा चांगला प्रश्न आहे. नसरापूरवरून दर रविवारी शेकडो मुलं राजगड-तोरण्याला जातात, तिथे युद्धकथा सांगितल्या जाणारच, आणि जाव्यात. सांगताना चार गोष्टी विचारायची सवय लावा. हे ज्यानं प्रथम सांगितलं त्याला ठाऊक कसं झालं? असं सांगून त्याला काय मिळत होतं? गोष्ट खरी असेल तर कोणती वस्तू, कोणता कागद मागे राहायला हवा होता, आणि तो आहे का? आणि गोष्टीतून कोण गायब आहे? ही चार विचारली की बहुतेक गोष्टी टिकतात, थोड्या लहान होतात, काही गळून पडतात.

विजयदुर्गाला गेलात तर तटावरून खाडीकडे बघा आणि मुलांना १२ फेब्रुवारी १७५६ सांगा. मग तिथेच उभं राहून ८ एप्रिल १७८३ सांगा. दोन्ही सांगा. आज इथेच थांबतो.